करंजाचं वावर

माझी थोरली आत्या गोळेगावला दिलेली होती. जुन्नरच्या जवळ, लेण्याद्रीच्या डोंगराच्या पायथ्याला हे गाव. आमचं गाव खाली पारनेर तालुक्यात, निघोजच्या बाजूला. तेव्हा जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडायचा. पण आत्याच्या लग्नाआधीपासून या दोन गावांची एक सोयरीक होतीच, ती म्हणजे कुकडी नदी. नाणेघाटाच्या अलीकडं, पूरच्या कुकडेश्वरापाशी ती उगम पावते, लेण्याद्रीखालून वाहते आणि पुढं आमच्या भागात येऊन निघोजला खडकात रांजणासारखे कुंड पाडते. आत्या म्हणायची, "मी धुणं धुतलेलं पाणी चार दिवसांनी माझ्या माहेराला पोचतंय. मला काय दूर वाटत नाही."

लहानपणी आत्याकडं गेलो की डोंगर चढायचाच. तीनशेच्या आसपास पायऱ्या, माकडांचा उच्छाद, आणि वर गिरिजात्मज. अष्टविनायकातला हा एकच गणपती लेण्यात बसलेला. आत गेलं की मोठं दालन, मधे एकही खांब नाही, बाजूला काळोख्या खोल्या. आत्याला विचारलं, "हे कुणी केलं गं?" तर ती म्हणायची, "पांडवांनी. एका रात्रीत. कोंबडा आरवला म्हणून जरा काम राहिलं." आम्हाला ते पटायचं. आमच्याकडं जे जे जुनं आणि दगडाचं, ते सगळं पांडवांनीच केलेलं असतं.

माझ्या बापाला मात्र ते पटेनासं झालं, आणि त्याला कारण ७२ चा दुष्काळ. मी तेव्हा बारा वर्षांचा. वावरात काही पिकलं नाही, आड आटला, बाप आणि आई दोघं सरकारी कामावर खडी फोडायला जायची. मिलो ज्वारी आणि सुकडी खाऊन दिवस काढले. बापाच्या तळहाताला भेगा पडल्या, त्यात आई रात्री कोमट तेल सोडायची. ते कसलं तेल, ते पुढं येईलच. दुष्काळ सरल्यावर आम्ही परत आत्याकडं गेलो. बापानं लेण्याच्या भिंतीवरून हात फिरवला. छिन्नीचे बारीक बारीक घाव अजून हाताला लागत होते. तो एवढंच बोलला, "एका रात्रीत म्हणणाऱ्यानं कधी घण उचललेला नाही. आक्का, ह्यात माणसांचे जन्म गेलेत."

मी दहावीपर्यंत शिकलो. पुस्तकात सातवाहन होते, पण ते पैठणचे होते, आमच्या कुकडीकाठचे ते नव्हतेच. पुढं संसारात पडलो. लेण्याद्रीला जाणं व्हायचं ते नवस फेडायला, नाहीतर सोयरीक जुळवायला. गणपतीला नमस्कार केला की पाठ फिरवून खाली. भिंतीवर अक्षरं कोरलेली आहेत, हे साठी उलटेपर्यंत माझ्या डोळ्यांना दिसलंच नव्हतं.

मागं आत्याच्या वर्षश्राद्धाला गेलो तेव्हा चार दिवस राहिलो. आता घरची शेती मुलगा बघतो, त्यामुळं मला कुणी हाक मारीत नाही. आतेभाऊ अण्णा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी थोरला. त्याच्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी जुन्नरात राहतात. अण्णा म्हणाला, "तुला एवढी चौकशी असती ना, चल त्यांच्यासंगं. ते दगड वाचत्यात."

जुन्नर गाव म्हणजे चहूबाजूंनी डोंगर आणि मधे बशीत ठेवल्यासारखी वस्ती. एसटी स्टँडावर उतरलं की डोक्यावर शिवनेरी. १९ फेब्रुवारी १६३० ला शिवाजी महाराज जिथं जन्मले तो हा किल्ला. उत्तरेला कुकडीपलीकडं लेण्याद्री, दक्षिणेला मानमोडी, पश्चिमेला पाडळीकडं तुळजा लेणी. शिवनेरीच्या कड्यातसुद्धा लेणी आहेत. सगळी मिळून दोनशेच्या वर खोदकामं या एका गावाच्या भोवती आहेत. महाराष्ट्रात एवढी लेणी दुसऱ्या कुठल्या गावाच्या वाट्याला आली नाहीत. बाजारात कांद्याच्या गोण्या, टमाट्याचे क्रेट, पश्चिमेच्या आदिवासी गावांतून येणारा हिरडा. गाव गजबजलेलं, पण मान वर केली की डोंगर गप्प.

मी गुरुजींना पहिलाच प्रश्न विचारला, "इथंच का? एवढ्या लेण्या इथंच का खोदल्या?"

ते म्हणाले, "तात्या, तुम्ही शेतकरी. माल कुठं जमतो? जिथून रस्ता निघतो तिथं."

रस्ता म्हणजे नाणेघाट. जुन्नरपासून पश्चिमेला साधारण तीस किलोमीटर. तिथं सह्याद्री फोडून वाट कोकणात उतरते. कल्याण, सोपारा या बंदरांवर उतरलेला माल या घाटानं वर यायचा आणि देशावरचा माल याच घाटानं खाली जायचा. घाटाच्या तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकायचे असं लोक सांगतात. घाटातल्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा मोठा लेख आहे. केलेले यज्ञ आणि दिलेली दानं त्यात मोजून लिहिली आहेत, गाई, घोडे, हत्ती, नाणी, सगळं आकड्यांसकट. दोन हजार वर्षांपूर्वीचे आपल्याकडचे आकडे कसे काढायचे, ते या भिंतीवर बघायला मिळतं.

तर घाट चढून आलेला बैलांचा तांडा पहिल्यांदा टेकायचा तो जुन्नरात. व्यापारी आले, पैसा आला, आणि त्यांच्या मागोमाग बौद्ध भिक्खू आले. पावसाळ्याचे महिने भिक्खूंनी हिंडायचं नाही, एका जागी राहायचं, असा त्यांचा नियम. त्याचं कारण गुरुजींनी सांगितलं तेव्हा मला फार बरं वाटलं. भिक्खू पावसाळ्यात हिंडताना उगवतं हिरवं पायाखाली तुडवतात, अशी लोकांनी तक्रार केली, म्हणून बुद्धांनी हा नियम घातला. म्हणजे कुणाच्या तरी उगवत्या रानाची काळजी म्हणून भिक्खू एका जागी थांबले, आणि थांबायला जागा पाहिजे म्हणून डोंगर पोखरले. नाहीतर आमच्या पिकात कोण कधी बघून पाय टाकतो?

लेण्याद्रीवर गणपतीच्या शेजारच्या लेण्यात गुरुजींनी मला उभं केलं. हे चैत्यगृह. आत दगडाचा स्तूप, दोन्ही बाजूंना खांबांच्या ओळी, खांबांवर हत्तीसारखी जनावरं. दाराच्या वर त्यांनी काठी दाखवली. मी डोळे बारीक केले तेव्हा अक्षरं दिसली, कोंबडीनं पायानं उकरावं तशी. त्यात लिहिलंय की कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत यानं हे चैत्यघर दिलं. हेरणिक म्हणजे सोन्यानाण्याचा धंदा करणारा, कुणी सोनार म्हणतं, कुणी खजिनदार. घाटाखालच्या कल्याणच्या माणसानं घाटावर येऊन देवाच्या नावानं खर्च केला. आजही मुंबईला गेलेला माणूस गावच्या देवळाला कळस देतोच की.

"राजानं नाही केलं?" मी विचारलं.

"जुन्नरची गंमत हीच आहे. राजांची नावं इथं कमी, साध्या माणसांची जास्त." मग ते एकेक नाव सांगत गेले. धान्याच्या व्यापाऱ्यांची एक श्रेणी होती. श्रेणी म्हणजे आपल्या सोसायटीसारखी, एका धंद्यातल्या लोकांची मंडळी. त्या धान्यवाल्यांनी सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याची पोढी दिली. वेळूकाम करणारे म्हणजे बुरूड आणि कासार यांच्याही श्रेणी होत्या, त्यांच्याकडं लोक पैसे ठेव म्हणून ठेवायचे. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून भिक्खूंचा खर्च करायचा. नाशिकच्या लेण्यात तर उषवदातानं विणकरांच्या श्रेणीकडं ठेवलेली रक्कम आणि व्याजाचा दरसुद्धा कोरून ठेवलाय. मी आमच्या विकास सोसायटीत दहा वर्षं संचालक होतो. मुद्दल शाबूत ठेवणं किती अवघड असतं, ते मला माहीत आहे. म्हणूनच त्यांनी ते दगडावर लिहून घेतलं असणार.

पोढी म्हणजे खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं. लेण्याच्या तोंडाशी असतंच. तोंड लहान, पोट मोठं. वरच्या कातळावरचं पावसाचं पाणी पन्हळीनं त्यात उतरवायचं. डोंगरावर विहीर लागत नाही, नदी पार खाली, तरी आठ महिने माणूस वर राहू शकतो तो या पोढीच्या जिवावर. एका लेखात एका यवनानं, म्हणजे समुद्रापलीकडून आलेल्या ग्रीक माणसानं दोन पोढ्या दिल्याचं लिहिलंय. इरिल त्याचं नाव. दोन म्हणजे त्यात शब्द आहे 'बे'. मी हसलो. बे एके बे आम्ही शाळेत ओरडून म्हणायचो, ते 'बे' दोन हजार वर्षं म्हातारं आहे! परमुलखातनं आलेल्या त्या माणसाला या डोंगरावर काय द्यावं ते बरोबर कळलं. पाणी द्यावं.

ही अक्षरं मधल्या शेकडो वर्षांत कुणालाच वाचता येत नव्हती. ब्राह्मी लिपी म्हणतात तिला, आणि भाषा प्राकृत. १८३७ च्या सुमाराला जेम्स प्रिन्सेप नावाच्या इंग्रजानं ती लिपी उलगडली. पुढं भगवानलाल इंद्रजी या गुजराती पंडितानं आपल्याकडच्या लेण्या पायांखाली घालून लेख उतरवून घेतले. बर्जेस साहेबाबरोबर त्यांचं पुस्तक १८८१ मध्ये निघालं. तोवर आमच्या आत्याच्या सासूच्या सासूनं त्याच अक्षरांखाली बसून डबा खाल्ला असेल. आपलं घर, आपल्याच घराच्या भिंतीवर लिहिलेलं, आणि वाचता कुणालाच येत नाही.

दुसऱ्या दिवशी मानमोडीला गेलो. अण्णाच्या सुनेनं मासवडी आणि भाकरी बांधून दिली होती. मानमोडीवर गर्दी नसते. गणपती नाही, पायऱ्या धड नाहीत, गवतातनं पायवाट. आग्या मोहोळं आहेत म्हणून विडीसुद्धा पेटवायची नाही, असा गुरुजींनी दम भरला. इथं एका लेण्यात नहपान राजाचा अमात्य अयम यानं पोढी आणि मंडप दिल्याचा लेख आहे, वर्ष ४६ घातलेलं. ते शकाचं वर्ष धरलं तर इसवी सन १२४ येतं. पुढं अंबा-अंबिकेच्या बाजूला एक मोठं लेणं अर्धवट राहिलंय. वरची कमान कोरून झालीय, खाली खडक तसाच. तेव्हा कळलं की लेणं वरनं खाली खोदत आणतात. खाली उभं राहायला जमीन नसते, जसं खोदावं तशी पायाखाली ती तयार होते. मला बाप आठवला. तो हे बघायला पाहिजे होता.

त्या भागात बसून गुरुजी म्हणाले, "आता तुमच्या कामाचं सांगतो. इथले बरेच लेख जमिनीचे आहेत. अमक्या गावातली इतकी निवर्तनं जमीन दान दिली, असे."

"आवर्तनं?" मी म्हणालो. आमच्याकडं कालव्याला पाणी सुटतं त्याला आवर्तन म्हणतात. येडगावच्या धरणातून कुकडीचा डावा कालवा निघतो, तो आमच्या भागातून पुढं श्रीगोंद्याकडं जातो. आवर्तन कधी सुटणार, यावरच आमची पिकं आणि भांडणं चालतात.

"आवर्तन नाही, निवर्तन. जमिनीचं माप. आपला बिघा, एकर, तसं. एक अडुथुम नावाचा माणूस होता. शक, म्हणजे त्याची माणसंही बाहेरनं आलेली. त्यानं वडालिका गावातली वीस निवर्तनं जमीन दिली करंजासाठी, आणि कटपुतक गावातली नऊ निवर्तनं वडासाठी. ती एका श्रेणीच्या हवाली केली. मूळ शब्द 'करजमुले' असा आहे. करंजाच्या मुळाशी. कुणी म्हणतं करंजाची झाडं लावायला दिली, कुणी म्हणेल करंजापाशी असलेली जमीन दिली."

मी गप्प झालो. गुरुजींना वाटलं मला ऊन लागलं. त्यांनी पाण्याची बाटली पुढं केली.

आता करंजाचं सांगतो. आमच्या ओढ्याकाठच्या वावराला करंजाचं वावर म्हणतात. आजोबांच्या वेळेपासून तिथं सात करंज होते. चैत्रात सगळं रान करपलेलं असताना करंजाला कोवळी पोपटी पालवी फुटायची. बैल तिथं बांधायचे, भाकरी तिथं खायची. बियांचं तेल काढायचं, दिव्याला आणि जनावरांच्या खरजेला. पेंड वावरात टाकली की हुमणी कमी व्हायची. दुष्काळात बापाच्या भेगांत आई सोडायची ते तेल याच झाडांचं. ७२ ला सगळं वाळलं, हे सात हिरवे राहिले.

ते मी तोडले. १९९८ साल होतं. टमाट्याला भाव होता, पाइपलाइनचा हप्ता थकला होता, आणि सावलीमुळं चार-पाच गुंठ्यांत पीक धरत नव्हतं. लाकूडवाल्यानं सात झाडांचे साडेतीन हजार दिले. करवत चालू असताना बाप बांधावर येऊन बसला. म्हणाला, "उन्हाळ्यात बैल कुठं बांधशील?" मी म्हणालो, "बैल तरी किती दिवस ठेवायचेत?" तो काही बोलला नाही. संध्याकाळी आपलं घोंगडं उचलून घरी आला, आणि त्यानंतर त्या वावरात बसायला म्हणून कधी गेला नाही. दोन वर्षांनी वारला. बैल त्याच्या आधीच विकले होते.

टमाट्याचं म्हणाल तर एक वर्ष पैसे झाले, दुसऱ्या वर्षी भाव पडला आणि टमाटा बांधावर ओतला. तिसऱ्या पावसाळ्यात ओढ्याला लोंढा आला. करंजाची मुळं काठाची माती धरून होती, ती कुजून गेली होती. एका रात्रीत दोन गुंठे वावर ओढ्यानं नेलं. पांडवांनी एका रात्रीत काही केलं असेल-नसेल, हे मात्र मी डोळ्यांनी बघितलं. सातबाऱ्यावर क्षेत्र अजून तेवढंच आहे, जाग्यावर नाही.

मानमोडीच्या त्या सावलीत बसून मी हे गुरुजींना सांगितलं. घरात बायकोलासुद्धा मी बापाचं ते बोलणं कधी सांगितलं नव्हतं. गुरुजी थोडा वेळ थांबून म्हणाले, "वडालिका कुठलं, कटपुतक कुठलं, आज बोट ठेवून दाखवता येत नाही. करंज तर केव्हाच गेले असतील. शब्द राहिला बघा."

त्यांनी समजूत घालायला म्हटलं असेल, पण मला ते जास्त लागलं. कारण आमचंही तेच झालंय. करंज नाही आणि वावराचं नाव करंजाचं. नातू एकदा शाळेतनं आल्यावर विचारीत होता, "आबा, करंजाचं वावर म्हणता, मग करंज कुठंय?" मी त्याला म्हटलं होतं, जुनं नाव आहे, चालत आलंय. पोरं अशा उत्तरावर गप्प बसतात, पण पटलेलं नसतं. मीही आत्याच्या पांडवांवर असाच गप्प बसायचो.

अजून एक गोष्ट तिथं बसल्या बसल्या मनात आली. सुलसदताचं नाव आहे, इरिलाचं आहे, अयमाचं आहे, अडुथुमाचं आहे. ज्यांनी घण मारला त्यांचं नाव मला गुरुजींनी वाचलेल्या एकाही ओळीत ऐकू आलं नाही. वीस निवर्तनं दिली अडुथुमानं, पण नांगर धरणारा कोण होता? धान्याच्या व्यापाऱ्यांनी सात खोल्या दिल्या, ते धान्य पिकवलं कुणी? अडत्याचं नाव पाटीवर आणि पिकवणाऱ्याचं नाव कच्च्या पावतीवर, ही रीत फार जुनी दिसते. माझी तक्रार नाही. देणाऱ्यानं दिलं हे खरंच आहे. पण बापानं भिंतीवर हात ठेवून जे वाचलं होतं, ते अक्षरांत नव्हतं, छिन्नीच्या घावांत होतं. तो चौथीसुद्धा शिकलेला नव्हता.

उतरताना डोंगराच्या पायथ्याला ओढ्यात एक करंज दिसला. शेंगा पिकून तपकिरी झालेल्या, खाली सडा पडलेला. अण्णा म्हणाला, "ह्या कशाला घेतो? रानभर पडल्यात." मी टोपीत भरून घेतल्या. गुरुजी बघत होते, पण त्यांनी काही विचारलं नाही. निघताना एवढंच म्हणाले, "शेंग फोडून बी आडवं लावा, तात्या. आणि शेरडांपासून जपा."

घरी येऊन पिशव्यांत बिया लावल्या. बऱ्याच उगवल्या, काही मेल्या. पहिल्या पावसात ओढ्याच्या काठानं सात रोपं लावली. एक शेरडानं खाल्लं, एक ट्रॅक्टर वळवताना मुलाच्या चाकाखाली गेलं. तो म्हणाला, "दादा, काठाला कशाला लावता, वळायला अडचण होते." मी म्हटलं, "वळायला थोडं आतनं वळ." तो माझ्याकडं बघत राहिला. १९९८ ला मी बापाकडं असंच बघितलं असेन.

पाच राहिलीत. कमरेएवढी झाली. रविवारी नातू डब्यानं पाणी घालतो. त्याला मी अडुथुमाची गोष्ट सांगितली आहे. ते नाव त्याला म्हणता येत नाही, पण वीस निवर्तनं त्याच्या पक्की ध्यानात आहेत. मला विचारतो, "आबा, आपली किती निवर्तनं?" मी म्हणतो, आपला काठ तेवढा. सातबाऱ्यावर झाडांची नोंद लावायला अजून वेळ आहे. पण त्या वावराला करंजाचं वावर म्हणताना आता माझी मान खाली जात नाही.